तीनदा म्हटलं, दिली

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या पुष्कळ चुका आहेत आणि अक्षर तर मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीचा वर्ग पलीकडच्या गावाला होता आणि वाटेत ओढा होता, एवढंच कारण. ही वही मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी वह्या कुणाच्या हाती लागतील ते सांगता येत नाही. पोटात बाळ असताना एखादीवर अशी वेळ आली आणि तिच्या हाती ही लागली, तर तिच्या उपयोगी पडावी. समोर बसून मी हे सांगू शकणार नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. जे झालं ते बरंचसं त्यामुळेच झालं.

बाक

कोरोनाची दुसरी लाट होती आणि मला नववा लागला होता. ठाण्याला वागळे इस्टेटच्या मागच्या चाळीत आम्ही तिघं राहत होतो, माझे यजमान, सासूबाई आणि मी. हे कंपनीत मशीनवर होते. कंपनी तेव्हा कधी चालू, कधी बंद, पगार अर्धा.

त्याआधी माझी दोन बाळं गेली होती. एक पाचव्या महिन्यात पडलं. दुसरा मुलगा आठ दिवसांचा होऊन गेला. म्हणून या खेपेला मी दारातसुद्धा उभी राहत नव्हते. गरोदर बायांना लस तेव्हा देत नव्हते. सातव्या महिन्यात ओटी भरली तीसुद्धा सासूबाईंनी एकटीनेच, दार लावून.

आजार घरात यांनी आणला, कंपनीतून. हे मी मुद्दाम लिहिते. पुढे सगळ्यांनी "हिने कुठून आणला?" असंच विचारलं, आणि खोकला आधी आपल्याला झाला होता हे यांनी एकदाही कुणाला सांगितलं नाही.

एका दुपारी मी आमटीला फोडणी देत होते. लसूण करपून काळा झाला. सासूबाई बाहेरून ओरडल्या, "अगं, घर जाळतेस काय?" मला कसलाच वास आला नव्हता. लसणाची पाकळी चुरगळून नाकाशी धरली. हिंगाची डबी उघडून पाहिली. काही नाही. डबी बंद केली आणि गप्प बसले. दोन दिवस गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तपासणीची तारीख होती. तिथे बाळंतपणाआधी सगळ्यांचीच चाचणी करत. नाकात काडी घातली आणि बाहेर बाकावर बसायला सांगितलं. थोड्या वेळाने सिस्टर दारात आली, पुढे आली नाही. तिथूनच माझं नाव घेतलं.

"पॉझिटिव्ह आहे. तिथेच बसा. कशाला हात लावू नका."

बाकावर माझ्या शेजारी दोघीजणी होत्या, माझ्यासारख्याच पोटुश्या. त्या उठल्या. एकीने पदर झटकला. मी पोटावर हात ठेवला. मग आठवलं की कशाला हात लावू नका म्हणाली आहे, म्हणून काढून घेतला.

शीळफाटा

नाव घातलं होतं त्या दवाखान्याने पॉझिटिव्ह बाईचं बाळंतपण होणार नाही म्हणून हात वर केले. मोठ्या सरकारी दवाखान्यात बेड नव्हता. दोन दिवस घरातच तापात काढले. तिसऱ्या दिवशी जिन्याच्या दोन पायऱ्या चढले आणि श्वास पुरेना. कल्याणचं एक खाजगी हॉस्पिटल घेईल असं कुणीतरी यांना सांगितलं. रुग्णवाहिका आली. चाळीतल्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती. कुणी हात केला नाही.

गाडी शीळफाट्याला आली आणि ड्रायव्हरने बाजूला घेऊन उभी केली. हॉस्पिटलमधून फोन आला होता, आधी डिपॉझिट भरा, मग पेशंट आणा. हे खाली उतरून फोन लावत होते. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. साहेबांना लावला, मित्राला लावला, गावी चुलत्याला लावला.

ड्रायव्हर म्हणाला, "दादा, जरा लवकर बघा. ऑक्सिजन कल्याणपर्यंतचा आहे. इथे उभं राहायचा नाही."

"बघतोय ना. दोन मिनिटं."

"माझं काय, मी उभा राहतो. वहिनींचं बघा."

मग यांनी बहिणीला फोन लावला. "ताई, आम्ही शीळफाट्याला उभे आहोत गं," एवढंच बोलले आणि रडायला लागले.

या माझ्या थोरल्या नणंदबाई. मी त्यांना वन्सं म्हणते. डोंबिवलीला कोपरला राहतात. त्यांचे यजमान, आमचे दाजी, बँकेत आहेत. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. वन्संनी एक शब्द जास्त विचारला नाही. दाजी स्कूटर काढून कल्याणला गेले, पैसे भरले आणि पावतीचा फोटो पाठवला. मग गाडी हलली. हॉस्पिटलचा सगळा खर्च शेवटी एक लाख ऐंशी हजार झाला आणि तो सगळा त्यांनीच भरला. भरला नसता तर मी शीळफाट्यालाच संपले असते. हे खरं आहे आणि मला ते आजपर्यंत कुणी विसरू दिलेलं नाही.

घरी विचारते

त्याच दिवशी सिझर झालं. सिस्टर म्हणाली, "मुलगी आहे," आणि लांबूनच दाखवली. मला फक्त तळपाय दिसले. मग तिला वेगळ्या खोलीत नेलं.

वॉर्डात सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या प्लास्टिकमध्ये. कोण सिस्टर, कोण डॉक्टर कळायचं नाही, म्हणून पाठीवर पेनाने नावं लिहिलेली असायची. माणूस पाठमोरं झालं की कळायचं कोण आपल्याशी बोलून गेलं. पहाटे रक्त काढायचे. मग चहा, मग बोटाला चिमटा लावून आकडा बघायचा. पालथं झोपा, श्वास सुधारतो, असं सगळ्यांना सांगायचे. पोटाला टाके असलेल्या बाईने पालथं कसं झोपायचं ते कुणी सांगितलं नाही. मी कुशीवर व्हायचे आणि आकडा ब्याण्णवच्या खाली गेला की डोळे मिटून घ्यायचे.

तिथे एक मावशी होत्या, झाडलोट आणि बेडपॅन करणाऱ्या. खाडीकाठच्या कोळी घरातल्या. त्या एकट्याच माझ्या कपाळाला हात लावायच्या. "रडतंस कनाला गो बाय? पोर जिती हाय, तू जिती हायस," म्हणायच्या. तेवढ्यावर मी एक एक दिवस काढला.

तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "मुलीची टेस्ट निगेटिव्ह आहे. तुमचा ऑक्सिजनही कमी करतोय. मास्क लावून, हात धुऊन तुम्ही तिला पाजू शकता. एरवी जरा लांब ठेवायची. आणू का तुमच्याजवळ?"

मी म्हटलं, "घरी विचारते."

या दोन शब्दांचा मला अजून राग येतो. ती माझ्या पोटातून निघाली होती. डॉक्टरच आणते म्हणत होती. कुणाला विचारायचं होतं? जिच्या हाती ही वही लागेल तिने एवढं तरी लक्षात ठेवावं. मास्क लावून पाजता येतं का, हे डॉक्टरला विचारावं. घरी विचारू नये.

गेटवर

सासूबाईंची चाचणी चांगली आली होती म्हणून त्या वन्संकडे कोपरला राहायला गेल्या होत्या. मी फोन केला. पाजण्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, "वेडी का काय तू? दोन गेली ती कमी झाली? मंगल, आता मी सांगते ते ऐक. हिला आपली म्हणून ठेवायची नाही. विकायची."

आमच्याकडे ही रीत आहे. ज्या घरी मूल टिकत नाही तिथे जन्मलेलं मूल सुपात घालून दुसऱ्या बाईला ओंजळभर कोंड्यावर विकतात. मग ते त्या घरचं राहत नाही, म्हणून त्या घरचं नशीब त्याला लागत नाही. वर्षभराने काहीबाही देऊन परत घेतात. माझ्या माहेरी कोंडिबा नावाचे तीन म्हातारे होते, तिघंही असेच विकलेले, तिघंही सत्तरी पार केलेले. त्यामुळे मला ते ऐकून काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. सांगायला हवं, मला खरंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर मुलीला खाली गेटवर घेऊन गेली. वन्सं, दाजी, सासूबाई तिथे उभे होते. लॉकडाऊनमध्ये सूप कुठून आणणार, वन्संनी घरातला स्टीलचा ट्रे आणला होता आणि पीठ चाळून काढलेला कोंडा पिशवीत. हे मला फोनवर ऐकू येत होतं. वॉचमन म्हणत होता, "ओ ताई, पोरगी घ्या आणि निघा. इथे पूजाबिजा नको."

सासूबाई म्हणाल्या, "एक मिनिट हो दादा. मंगल, तीनदा म्हण. दिली."

"दिली."

"मोठ्याने. तुझ्या त्या मास्कातून ऐकू येत नाही."

"दिली. दिली."

मग वन्संचा आवाज आला, "घेतली." एकदाच म्हणाल्या.

फोन ठेवला तेव्हा मावशी लादी पुसत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. काठी भिंतीला टेकवून माझ्याजवळ आल्या. "पोर दिलंस? आन दूध गो? ते कुनाला देशील?"

त्यांनी एक स्टीलची वाटी आणून दिली. मी वाटीत दूध काढायचे आणि त्या ते बेसिनमध्ये ओतायच्या. नळ सोडायच्या, म्हणजे मला दिसू नये.

मामी

सतरा दिवसांनी घरी आले. चाळीतल्या नळावर माझी बादली रांगेतून बाजूला काढून ठेवलेली असायची. शेवटची भरून घ्यायचे. ते मला लागलं नाही फारसं. मला कोपरला जायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, महिना होऊ दे. हे म्हणाले, ताईला विचारतो. महिना सव्वा महिन्यावर गेला, आणि तोवर माझं दूध आटलं.

पहिल्यांदा गेले तेव्हा वन्संनी दारातच हातावर सॅनिटायझर ओतलं. "बस गं. ती आत्ताच झोपली. उठवू नको." मी खुर्चीत बसून होते. दोन तास झाले. ती उठली तेव्हा बाटली तयार होती. वन्संच्या हातात ती अशी गप्प दूध पीत होती, की मांडीवर द्या म्हणायचा मला धीर झाला नाही. वन्संनीच दिली नंतर. ती रडली. त्यांनी परत घेतली.

नावही त्यांनीच ठेवलं, स्वरा. आत्याचा मान तो. माझ्या मनात दुसरं नाव होतं. ते आता कुठे लिहीत नाही.

वन्संनी तिचं सगळं नीट केलं. लसी वेळेवर, डॉक्टर वेळेवर, अंगावर कधी मळका कपडा नाही. हे मला लिहायला आवडत नाही, पण न लिहिणं खोटेपणा होईल.

आम्ही रविवारी जायचो. यांना मी म्हणायचे, आता आणू या तिला. हे म्हणायचे, "तुला चार पायऱ्या चढल्या की दम लागतो. आणि ताईला कुठल्या तोंडाने सांगू? तिच्या पैशावर तू जिवंत आहेस." एकदा आम्ही आत आलो तशी वन्सं तिला म्हणाल्या, "बघ बघ, कोण आलं? मामी आली." त्यांच्या घरी मी मामीच होते, दुसरं काय म्हणणार? मुलगी पुढे बोलायला लागली तेव्हा आई त्यांना म्हणायला शिकली आणि मामी मला.

पहिला वाढदिवस कोपरलाच झाला. केक कापून झाला. मी सासूबाईंकडे बघितलं, कारण वर्ष झालं की परत घ्यायची हे त्यांनीच सांगितलं होतं. त्या प्लेटमधला वेफर बोटाने फिरवत होत्या. मग मीच बोलले. मला वाटतं लग्नानंतर पाच माणसांत मी पहिल्यांदाच बोलले.

"वन्सं, वर्ष झालं. आता न्यायची."

"ने की," वन्सं म्हणाल्या. "मी कुठे नाही म्हणते? पण रीत कशी आहे? दिलेलं परत देतात आणि मग नेतात."

"कोंडा आणलाय मी." खरंच आणला होता, रुमालात बांधून.

वन्सं हसल्या. "कोंडा पूजेपुरता गं. खरं काय दिलंय ते तुलाही ठाऊक आहे आणि माझ्या भावालाही."

दाजी म्हणाले, "अगं, आज कशाला हा विषय?"

"मग कधी? आमची पै-पै मोडली त्यात. मी कधी मागितली? आता तुम्ही मागताय म्हणून मी बोलले."

मी यांच्याकडे बघितलं. हे मुलीची टोपी सरळ करत होते. सासूबाई म्हणाल्या, "मी आपलं पोर जगावं म्हणून सांगितलं. मला काय माहीत?"

कोपर स्टेशनच्या जिन्यात मी दम खायला थांबले आणि यांना म्हटलं, "मी कामाला जाणार."

"तुला कोण देणार काम?"

"देईल कुणीतरी. तुम्ही तिथे काही बोलला नाहीत, आता इथेही बोलू नका."

रिंगा

वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात कुकरच्या रबरी रिंगा पाकिटात भरायचं काम मिळालं. एका पाकिटात एक रिंग, एक चिठ्ठी, वर पिन. रबराच्या वासाने बाकीच्या बायांचं डोकं दुखायचं. मला आजारापासून वास नीट येतच नव्हता, तेवढं एक बरं झालं. पोती उचलताना छाती भरून यायची. तिथल्या बाईने एक दिवस बघितलं आणि मला पिनांच्या टेबलावर बसवलं, कारण विचारलं नाही. आजारपणात आणि नंतर अशी माणसं मला दोनच भेटली, एक मावशी आणि एक ही.

दर महिन्याला पैशांचं पाकीट घेऊन कोपरला जायचे. वन्सं म्हणायच्या, "घाई काय आहे एवढी?" आणि घ्यायच्या. कधी सहा हजार, कधी चार, असं तीन वर्षं. हे ओव्हरटाइम करून घालायचे. आमच्यात त्यावर बोलणं व्हायचं नाही. दुसरं बोलणंही तेव्हा फारसं होत नव्हतं. मुलगी दार उघडायची. "मामी आली, आई! मामी आली!" मी चॉकलेट द्यायचे. ती वन्संना विचारायची, खाऊ का?

लोक म्हणतील, तुझीच मुलगी, उचलून आणायची होतीस. मलाही रोज वाटायचं. पण शीळफाटा आठवायचा. त्यांच्या पैशावर जगले होते ना. आणि माझ्या तोंडून तीनदा निघालं होतं. उचलून आणली असती, आणि तिला उद्या काही ताप जरी आला असता, तर? दोन बाळं गेलेली बाई असा हिशेब करते. तो खुळा आहे हे मला कळतं.

आता ती घरी आहे. चार महिने होतील. झोपताना वन्संची उशी मागते. पहिले आठ दिवस माझ्या हातचं जेवली नाही, सासूबाईंच्या हातचं जेवली. मला काहीच हाक मारत नाही, साडी ओढते फक्त. रविवारी वन्संशी फोनवर बोलते. मी लावून देते. मी त्यांच्यासारखं करणार नाही.

शेवटचा रविवार

शेवटचे साडेपाच हजार राहिले होते. त्या रविवारी यांनाही बरोबर घेतलं.

वन्संनी मुलीची बॅग भरून ठेवली होती. इस्त्रीचे फ्रॉक, औषधांची पिशवी, लसीचं कार्ड. त्यांचे डोळे सुजलेले होते. मला वाईट वाटायला हवं होतं. तेव्हा वाटलं नाही. आता थोडं वाटतं.

मी पाकीट दिलं. त्यांनी पैसे मोजले, दाजींकडे दिले, दाजींनी मोजले.

"बरोबर आहेत," वन्सं म्हणाल्या. "झालं बाई तुझं समाधान? ने आता."

हे बॅग उचलायला वाकले. मी म्हटलं, "थांबा. लिहून द्या."

"काय लिहून?"

"पैसे पूर्ण मिळाले म्हणून."

हे म्हणाले, "मंगल, घरातली माणसं आहेत."

"लिहून द्या, वन्सं."

मग दाजींनी टीव्हीजवळच्या पॅडवरचा कागद फाडून त्यांच्या पुढे ठेवला आणि पेन दिलं. वन्संनी लिहिलं. खाली सही केली, दाजींनी केली. मी कागद हातात घेतला आणि तिथेच उभी राहून सगळा वाचला. मला वाचायला वेळ लागतो. सगळे थांबले होते. मुलगी बॅगेवर बसून पाय हलवत होती.

एक लाख ऐंशी हजार रुपये पूर्ण मिळाले, आता काही येणे नाही, असं त्यात होतं. मी ते दुसऱ्यांदा वाचलं. मग कागद पोलक्यात ठेवला आणि मुलीला उचललं. ती जड झाली होती. जिन्यात मला दम लागला, पण मी तिला यांच्याकडे दिली नाही. पैसे पूर्ण फिटले होते.